गुणविशेष-विस्तार, कंपायलर-विशिष्ट

संगणकाच्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतील एखादे फंक्शन, चल, प्रकार किंवा विधान यांविषयीची जी माहिती त्या भाषेच्या मानक व्याकरणातून व्यक्त करता येत नाही, ती कंपायलरला कळविण्यासाठी त्या कंपायलरच्या निर्मात्यांनी स्वतः ठरविलेल्या खुणांना कंपायलर-विशिष्ट गुणविशेष किंवा ॲट्रिब्यूट असे म्हणतात. माणसास वाचता येणाऱ्या भाषेतील आज्ञावलीचे यंत्राच्या सांकेतिक आज्ञांत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर किंवा संकलक होय. सी भाषेतील एखादे फंक्शन आज्ञावली तेथेच संपुष्टात आणणारे असेल, तर ते बोलाविणाऱ्या ठिकाणी नियंत्रण पुन्हा कधीच येणार नाही, ही गोष्ट केवळ त्याच्या घोषणेवरून कंपायलरला कळत नाही. घोषणेस ‘नोरिटर्न’ हा गुणविशेष जोडला म्हणजे ती कळते. मग त्यापुढील निरुपयोगी आज्ञा कंपायलर निर्माण करीत नाही आणि फंक्शन मूल्य न देताच संपल्याचा अनाठायी इशाराही देत नाही. असे शेकडो गुणविशेष आज वापरात आहेत. त्यांतील काही विनंतीच्या स्वरूपाचे असतात (उदा., ‘हा चल स्मृतीत अमुक सीमेवर ठेवावा’), काही तपासणी मागणारे असतात, तर काही आज्ञावलीकाराने कंपायलरला दिलेले वचन असतात. शेवटचा वर्ग सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोक्याचा आहे. कारण कंपायलर त्या वचनाची शहानिशा करीत नाही, त्यावर विश्वास ठेवून पुढील अनुमाने काढतो.

सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकाने व त्यावर आधारलेल्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय मानकाने कंपायलरांना भाषेचा विस्तार करण्याची मुभा दिली. मात्र मानकाशी काटेकोरपणे सुसंगत असलेल्या आज्ञावलीच्या वर्तनात विस्तारामुळे फरक पडता कामा नये, ही एक आणि सर्व विस्तारांचे वर्णन करणारा दस्तऐवज कंपायलरसोबत असला पाहिजे, ही दुसरी अशा दोन अटीही घातल्या. पहिल्या अटीची चर्चा पुष्कळ होते, दुसरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः दुसरी अट अधिक मूलभूत आहे. भाषेच्या मानक घटकाचा अर्थ संदिग्ध वाटला, तर मानकाचा ग्रंथ उघडता येतो किंवा दुसरा कंपायलर काय करतो ते पाहता येते. विस्ताराच्या बाबतीत निर्मात्याची पुस्तिका हाच मूळ करार असतो. तीत न लिहिलेली गोष्ट कोणत्याही पक्षावर बंधनकारक राहत नाही आणि चुकीची लिहिलेली गोष्ट हजारो आज्ञावल्यांत शिरते. या कारणाने गुणविशेषांचे प्रलेखन हे गुणविशेषाच्या निर्मितीनंतरचे दुय्यम काम नसून निर्मितीचाच भाग ठरते.

इतिहास : कंपायलरला भाषेबाहेरील सूचना देण्याची प्रथा सी भाषेहून जुनी आहे. फोर्ट्रन भाषेच्या कंपायलरांत विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या टिप्पणीच्या ओळीतून सूचना देत असत. ज्या कंपायलरला त्या समजत नसत, तो त्यांना साधी टिप्पणी मानून पुढे जाई. एडा भाषेत ‘प्रॅग्मा’ या नावाने अशा सूचनांना व्याकरणातच स्थान मिळाले. एडाच्या १९८३ च्या मानकाने त्यासाठी ‘एफ’ हे एक परिशिष्टच राखून ठेवले. प्रत्येक कंपायलरच्या निर्मात्याने ते स्वतः भरून द्यावयाचे असून त्यात आपल्या प्रत्येक खास प्रॅग्माचे रूप, तो कोणत्या जागी लिहिता येतो ती स्थाने आणि त्याचा परिणाम या तीन गोष्टी नमूद करणे आवश्यक होते. विस्ताराच्या नोंदीत काय असावे, याची याहून नेमकी व्याख्या पुढील काळात क्वचितच कोणी केली असेल.

सी भाषेच्या १९८९ च्या मानकाने ‘प्रॅग्मा’ हा शब्द स्वीकारला. पण त्याचा परिणाम सर्वस्वी कंपायलरवर सोपविला. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी तयार केलेला व १९८७ मध्ये प्रथम प्रसृत झालेला जीसीसी हा कंपायलर या मुभेविषयीची आपली नापसंती विनोदाने व्यक्त करीत असे. त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत अनोळखी प्रॅग्मा आढळल्यास कंपायलर भाषांतर सोडून संगणकावर ‘रोग’ किंवा ‘हॅक’ हा खेळ सुरू करण्याचा प्रयत्न करी आणि ते न मिळाल्यास ईमॅक्स या संपादकातील हनोईच्या मनोऱ्यांचे कोडे दाखवी. परिणाम ‘कंपायलरने ठरवावयाचा’ असल्याने मानकाचा यात भंग होत नव्हता.

जीसीसीच्या कर्त्यांनी प्रॅग्मा टाळून ‘ॲट्रिब्यूट’ हा स्वतंत्र शब्द का निवडला, याची दोन कारणे त्यांच्या पुस्तिकेत दिलेली आहेत. एक म्हणजे त्या काळी मॅक्रोच्या साहाय्याने प्रॅग्माची ओळ निर्माण करता येत नसे. दुसरे, तोच प्रॅग्मा अन्य कंपायलरमध्ये वेगळ्याच अर्थाचा असू शकत होता. यांतील पहिली अडचण १९९९ च्या मानकाने दूर केली, पण तोपर्यंत नवी पद्धत रुळली होती. ‘नोरिटर्न’ हा गुणविशेष १९९३ च्या २.५ या आवृत्तीपासून उपलब्ध झाला. तत्पूर्वी तोच अर्थ व्यक्त करण्यासाठी फंक्शनच्या प्रकारास ‘व्होलाटाइल’ हा भाषेतील मूळचा शब्द जोडण्याची युक्ती करावी लागे. जुन्या कंपायलरवर काम करणाऱ्यांसाठी ही युक्ती आणि ती कोणत्या आवृत्तीपर्यंत लागेल याचा खुलासा पुस्तिकेत पुढे अनेक वर्षे कायम ठेवला होता.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने ‘डेक्लस्पेक’ ही निराळी लेखनपद्धती अवलंबिली. विंडोज या प्रणालीत एका ग्रंथालयातून दुसऱ्या आज्ञावलीस फंक्शने पुरविण्यासाठी ‘डीएलएलएक्स्पोर्ट’ व ‘डीएलएलइंपोर्ट’ ही विशेषणे लागत आणि त्यांतून ती वाढली. २००७ मध्ये खुला झालेला क्लँग हा कंपायलर जीसीसीची जागा घेऊ पाहणारा असल्याने त्याने ग्नू पद्धतीचे बहुतेक गुणविशेष स्वीकारले, मायक्रोसॉफ्टच्याही पद्धतीस मान्यता दिली आणि स्वतःची नवी भर घातली. परिणामी एकाच कल्पनेची तीन-तीन लेखनरूपे प्रचारात आली.

लेखनरूप व स्थान : ग्नू पद्धतीत गुणविशेषांची यादी दुहेरी कंसात लिहितात. नवख्यास हा दुसरा कंस अकारण वाटतो. परंतु त्यामागे हेतू आहे. ज्या कंपायलरला हा विस्तार ठाऊक नाही, तेथे ‘ॲट्रिब्यूट’ याच नावाचा एक घटक घेणारा रिकामा मॅक्रो लिहिला, की यादीत कितीही स्वल्पविराम असले, तरी सर्व मजकूर एकच घटक म्हणून निघून जातो. तसेच प्रत्येक गुणविशेषाचे नाव मागेपुढे दोन-दोन अधोरेषा जोडूनही लिहिता येते. हेडर फाइल लिहिणाऱ्यास, ती वापरणाऱ्या आज्ञावलीत त्याच नावाचा मॅक्रो असल्यास होणारा घोटाळा त्यामुळे टाळता येतो.

स्थानाचा प्रश्न याहून कठीण आहे. सी भाषेत एकाच घोषणेत स्वल्पविरामाने अनेक नावे देता येतात. अशा घोषणेच्या आरंभी प्रकाराच्या नावाबरोबर ‘नोरिटर्न’ लिहिल्यास तो सर्व नावांना लागू होतो. दुसऱ्या नावाच्या लगेच आधी ‘फॉरमॅट’ लिहिल्यास तो फक्त त्या एकाच नावास लागतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही खुणा सारख्याच दिसतात. नोंदप्रकाराच्या म्हणजे स्ट्रक्चरच्या व्याख्येत गुणविशेष ‘स्ट्रक्ट’ या शब्दानंतर किंवा महिरपी कंस मिटल्यावर लिहिला, तर तो त्या प्रकाराचा होतो. चौकोनी कंसांच्या नव्या पद्धतीत तोच ‘स्ट्रक्ट’ शब्दाच्या आधी लिहिल्यास जीसीसी तो दुर्लक्षिल्याचा इशारा देऊन पुढे जातो. पुस्तिकेतील या विषयावरील प्रकरणात, गुणविशेषांच्या व्याकरणातील वैगुण्यांमुळे वर्णन केलेली काही रूपे प्रत्यक्षात सर्वत्र स्वीकारली जाणार नाहीत, अशी स्पष्ट कबुली आहे. अशी कबुली पुस्तिकेस कमीपणा आणीत नाही. नियम स्वच्छ नसताना तो स्वच्छ असल्याचा आव आणणारे वर्णन वाचकास अधिक महागात पडते.

स्मृतीतील मांडणी : एक बाइटचे अक्षर आणि चार बाइटचा पूर्णांक असे दोन घटक असलेला स्ट्रक्चर आजच्या बहुतेक संगणकांवर आठ बाइट व्यापतो, कारण पूर्णांक चारच्या पटीतील पत्त्यावर यावा म्हणून मध्ये तीन बाइट मोकळे सोडले जातात. ‘पॅक्ड’ हा गुणविशेष जोडल्यास ही रिकामी जागा निघून जाऊन आकार पाच बाइट होतो. संदेशवहनाच्या जालातून येणाऱ्या किंवा चकतीवरील ठरीव नमुन्यातील माहितीशी स्ट्रक्चर तंतोतंत जुळविण्यासाठी याचा उपयोग होतो. ‘अलाइन्ड’ हा त्याचा जोडीदार होय. तो एकटा असता स्ट्रक्चरची सीमा फक्त वाढवू शकतो. ती कमी करावयाची असेल, तर ‘पॅक्ड’ची जोड लागते. शिवाय कंपायलरने मान्य केलेली सीमा पुढील टप्प्यातील लिंकरला पेलेलच असे नाही, हा इशाराही पुस्तिकेत नोंदविलेला आहे. आपल्या अखत्यारीबाहेरील साधनाची मर्यादा आपल्या नोंदीत सांगण्याचे हे चांगले उदाहरण आहे. पॅक्ड स्ट्रक्चरमधील पूर्णांकाचा पत्ता घेऊन तो साध्या पॉइंटरमध्ये ठेवल्यास काही यंत्रांवर आज्ञावली कोसळते. जीसीसीने या चुकीविषयीचा इशारा २०१९ मधील नवव्या आवृत्तीपासून देण्यास सुरुवात केली.

तपासणी मागणारे गुणविशेष : ‘फॉरमॅट’ हा यांतील प्रमुख आहे. ‘प्रिंटएफ’ या फंक्शनला मुद्रणाचा नमुना सांगणारी अक्षरमाला आणि त्यानुसार छापावयाची मूल्ये द्यावी लागतात. नमुना व मूल्ये यांचा मेळ बसला नाही, तर चुकीची स्मृती वाचली जाते. आणि नमुनाच परक्या व्यक्तीने पुरविलेला असेल, तर तिला स्मृती वाचता व बदलताही येते. २००० च्या सुमारास या मार्गाने अनेक सेवादायी संगणकांवर हल्ले झाले. आज्ञावलीकाराने स्वतः लिहिलेले मुद्रण-फंक्शनही कंपायलरने तपासावे यासाठी ‘फॉरमॅट’मध्ये दोन अंक द्यावे लागतात : नमुना कितवा घटक आहे आणि तपासणी कितव्या घटकापासून करावयाची. सी++ भाषेत वस्तूच्या सदस्य-फंक्शनला एक अदृश्य पहिला घटक असल्याने ही मोजणी दोनपासून करावी लागते. पुस्तिकेत हे एका वाक्यात सांगितले आहे. ते वाक्य नसते, तर प्रत्येक आज्ञावलीकाराला ते स्वतः चुकून शिकावे लागले असते.

वचनस्वरूप गुणविशेष : ‘प्युअर’ व ‘कॉन्स्ट’ ही जोडी प्रथम पाहणे सोयीचे आहे. जे फंक्शन मूल्य देण्यापलीकडे कोणताही परिणाम घडवीत नाही, ते प्युअर होय. मात्र ते स्मृतीतील इतर माहिती वाचू शकते, उदा., अक्षरमालेची लांबी मोजणारे फंक्शन. कॉन्स्ट फंक्शनला तेवढीही मोकळीक नसते. त्याचे उत्तर केवळ दिलेल्या मूल्यांवरच अवलंबून असले पाहिजे, उदा., संख्येचा वर्ग काढणे. कॉन्स्ट म्हणून घोषित फंक्शन एकाच मूल्यासाठी दहादा बोलाविले असेल, तर कंपायलर ते एकदाच बोलावून दहा ठिकाणी तेच उत्तर वापरू शकतो. अक्षरमालेची लांबी मोजणाऱ्या फंक्शनला कोणी चुकून कॉन्स्ट म्हटले, तर अक्षरमाला मध्यंतरी बदलली असतानाही जुनीच लांबी वापरली जाईल, आणि आज्ञावलीत कोठेही दोष दिसणार नाही. भाषेत ‘कॉन्स्ट’ हा शब्द ‘न बदलणारा’ या अर्थाने आधीच रूढ असल्याने या नावाची निवड दुर्दैवी म्हटली पाहिजे.

‘नॉननल’ या गुणविशेषाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता साठविणारा चल होय. कोठेच निर्देश न करणाऱ्या पॉइंटरला नल म्हणतात. फंक्शनच्या अमुक घटकाचे मूल्य नल असणार नाही, हे ‘नॉननल’ने सांगितले जाते. आज्ञावलीकार ही खूण सामान्यतः पहारा म्हणून लावतो. कोणी उघडपणे नल दिला, तर कंपायलरने इशारा द्यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते आणि असा इशारा मिळतोही. परंतु कंपायलर त्याच खुणेतून दुसरेही अनुमान काढतो : घटक नल नसल्याचे वचन मिळालेले आहे, तेव्हा तो नल आहे की काय ही पुढील तपासणी व्यर्थ असून काढून टाकण्यास हरकत नाही. जीसीसीची पुस्तिका या दोन्ही परिणामांचा उल्लेख करते. तथापि पहिला परिणाम डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. आज्ञावलीकाराने सावधगिरीने लिहिलेली तपासणी मूळ मजकुरात जशीच्या तशी राहते. नाहीशी होते ती यंत्राच्या आज्ञांतून.

२०१४ मध्ये जीसीसीची ४.९ ही आवृत्ती प्रसृत झाली, तेव्हा याचा प्रत्यय आला. ‘मेममूव्ह’ हे फंक्शन स्मृतीचा काही भाग एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. त्याला दोन पत्ते व बाइटांची संख्या द्यावी लागते. संख्या शून्य असेल, तर काहीच हलवावयाचे नसते. म्हणून तशा वेळी पत्ता नल असला तरी चालेल, असे समजून अनेकांनी आज्ञावल्या लिहिल्या होत्या. मानकाचे म्हणणे तसे नव्हते. संख्या शून्य असली, तरी पत्ते वैध असलेच पाहिजेत, असा मानकाचा नियम होता आणि ग्नूच्या सी ग्रंथालयाच्या हेडर फाइलीत या फंक्शनवर नॉननलची खूण होती. नव्या आवृत्तीने त्यावरून असा तर्क केला, की ज्याअर्थी हा पत्ता मेममूव्हला दिला गेला, त्याअर्थी तो नल नाही. आणि मेममूव्हनंतर लिहिलेली ‘पत्ता नल नसेल तरच वाचा’ ही अट काढून टाकली. शून्य बाइट व नल पत्ता घेऊन आलेली आज्ञावली मग नल पत्त्यावरूनच वाचू लागली. जीसीसीच्या निर्मात्यांनी या आवृत्तीकडे वळणाऱ्यांसाठी काढलेल्या टिपणात नेमके हेच उदाहरण दिले होते. म्हणजे प्रलेखनात उणीव नव्हती. उणीव होती ती ही, की वापरणाऱ्याने खूण स्वतः लावलेलीच नव्हती. ती दुसऱ्याने लिहिलेल्या हेडर फाइलीत होती आणि ज्याला तिच्या परिणामास तोंड द्यावे लागणार, त्याला कंपायलरची पुस्तिका उघडण्याचे कारणच पडले नव्हते.

अशा अनुमानांचे गांभीर्य त्याआधी २००९ मध्येच दिसून आले होते. लिनक्सच्या मध्यवर्ती प्रणालीतील ‘टन’ या जाल-चालकात पॉइंटर आधी वापरून नंतर तो नल आहे का, हे तपासले होते. येथे गुणविशेषाचा संबंध नव्हता. परंतु ‘वापरला त्याअर्थी नल नाही’ या त्याच जातीच्या तर्काने कंपायलरने तपासणी काढून टाकली आणि त्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळविण्याचा मार्ग उघडा झाला. त्यानंतर ही प्रणाली तयार करताना असे अनुमान बंद ठेवणारा पर्याय कंपायलरला देण्यात येऊ लागला.

मेममूव्हचा वाद दहा वर्षांनी वेगळ्या रीतीने मिटला. सी भाषेच्या मानक समितीने २०२४ मध्ये, पुढील मानकासाठी, बाइटांची संख्या शून्य असता नल पत्ता चालेल असा नियम स्वीकारला. मग जुनी खूण खोटी ठरली. पण तिचा अर्थ बदलणेही शक्य नव्हते, कारण इतर असंख्य फंक्शनांवर ती जुन्या अर्थानेच लावलेली होती. म्हणून जीसीसीच्या २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीत ‘नॉननल_इफ_नॉनझीरो’ म्हणजे ‘अमुक संख्या शून्य नसेल तर हा पत्ता नल नाही’ असा नवाच गुणविशेष आणावा लागला. एकदा प्रसिद्ध झालेल्या नोंदीचा अर्थ मागाहून हलविता येत नाही, तिच्या शेजारी दुसरी नोंद करावी लागते, हे यावरून दिसते.

क्लँगमध्ये याच नावाशी साधर्म्य असलेली आणखी एक खूण आहे. ॲपलच्या भाषांसाठी २०१५ मध्ये प्रचारात आलेली ही ‘_नॉननल’ खूण, नॉननलप्रमाणे घोषणेस न लागता, पॉइंटरच्या प्रकारास लागते. क्लँगच्या पुस्तिकेनुसार या खुणेमुळे नल देणे हा नियमभंग ठरत नाही. फंक्शन सावधपणे नल तपासू शकते आणि ती तपासणी टिकून राहते. एक खूण वचन आहे, दुसरी केवळ अपेक्षा. दोहोंत लेखनाचा फरक एका अधोरेषेचा व एका मोठ्या अक्षराचा असून अर्थातील एवढे अंतर पुस्तिकेतील एका वाक्यावर तोललेले आहे.

पुस्तिकाच पूर्णपणे फिरल्याचे उदाहरण ‘मॅलॉक’ या गुणविशेषाचे होय. नवी स्मृती मिळवून देणाऱ्या फंक्शनवर तो लावतात. त्यामुळे मिळालेला पत्ता आधीच्या कोणत्याही पत्त्याशी एकरूप नाही, हे कंपायलरला कळते. जुनी स्मृती मोठी करून देणाऱ्या ‘रीॲलॉक’सारख्या फंक्शनांवर तो लावावा काय, याविषयी जीसीसीच्या जुन्या पुस्तिकांत सशर्त होकार होता : जुना पत्ता पुन्हा वापरला नाही म्हणजे झाले. पुढील आवृत्त्यांत नेमका उलट खुलासा आला. मॅलॉकमध्ये दुसरेही वचन गृहीत आहे, ते म्हणजे मिळालेल्या स्मृतीत वैध वस्तूंचे पत्ते साठविलेले नाहीत. रीॲलॉक जुना मजकूर जसाच्या तसा आणते, त्यात असे पत्ते असू शकतात. म्हणून तिला हा गुणविशेष लागू नाही. जुन्या पुस्तिकेवर विसंबून खूण लावणाऱ्याचा दोष काढता येत नाही, आणि तरीही त्याची आज्ञावली चुकीची ठरते. जीसीसी प्रत्येक आवृत्तीची पुस्तिका स्वतंत्रपणे जतन करून ठेवतो, याचे महत्त्व अशा वेळी लक्षात येते.

अनोळखी गुणविशेष : कंपायलरला माहीत नसलेला गुणविशेष आढळल्यास जीसीसी व क्लँग केवळ इशारा देऊन तो सोडून देतात. यामुळे एकच आज्ञावली अनेक कंपायलरांवर चालू शकते. पण नाव लिहिताना एक अक्षर चुकले आणि इशारे कोणी वाचले नाहीत, तर अपेक्षित संरक्षण निमूटपणे नाहीसे होते. ‘पॅक्ड’सारखा मांडणी बदलणारा गुणविशेष दुर्लक्षिला गेल्यास पाच बाइटांचा स्ट्रक्चर आठ बाइटांचा होऊन साठविलेली माहितीच वाचता येत नाही. गुणविशेष ओळखला जातो काय, हे विचारण्याची ‘हॅज_ॲट्रिब्यूट’ ही सोय प्रथम क्लँगने दिली व २०१५ मध्ये जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीने ती स्वीकारली. मात्र तिच्यामुळे नाव परिचित आहे एवढेच कळते. अर्थ तोच आहे काय, हे कळत नाही.

प्रलेखनाच्या पद्धती : जीसीसीची पुस्तिका निबंधरूप असून ती हाताने लिहिली जाते. तिच्यात आरंभी सर्व गुणविशेष एकाच वर्णानुक्रमात होते व त्यांत विशिष्ट यंत्रांपुरते मर्यादित गुणविशेषही मिसळलेले असत. पुढे सामान्य गुणविशेष आणि यंत्रानुसारी गुणविशेष अशी विभागणी करण्यात आली. क्लँगने निराळा मार्ग धरला. तेथे प्रत्येक गुणविशेषाची व्याख्या एका तक्त्यात करतात. त्याची लेखनरूपे, तो कोणत्या घटकास लागू पडतो ती माहिती आणि त्याच्या वर्णनाचा मजकूर एकमेकांशी जोडलेला असतो व त्यांवरूनच कंपायलरचा संबंधित भाग व पुस्तिका ही दोन्ही यंत्राने तयार होतात. त्यामुळे ‘रूप’ आणि ‘स्थान’ यांबाबत कंपायलर व पुस्तिका यांच्यात तफावत पडण्यास फारसा वाव राहत नाही. ‘परिणाम’ मात्र यंत्राला लिहिता येत नाही. नवा गुणविशेष आणणाऱ्याने वर्णन दिलेच पाहिजे, असा क्लँगचा नियम आहे. जुन्या काळातील अनेक गुणविशेषांना वर्णन नव्हते. त्यांची नावे पुस्तिकेत ‘प्रलेखन नाही’ अशा शेऱ्यासह छापली जातात. उणीव लपविण्याऐवजी तिची यादी करण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे.

वापरणाऱ्यांनी स्वतः केलेल्या प्रलेखनाचे उत्तम उदाहरण लिनक्सच्या मध्यवर्ती प्रणालीत आहे. २०१८ च्या अखेरीस आलेल्या ४.२० या आवृत्तीत गुणविशेषांसाठी एक स्वतंत्र हेडर फाइल घालण्यात आली. तीत प्रत्येक गुणविशेष त्याच्या मूळ नावानुसार वर्णानुक्रमे येतो. त्याच्याशेजारी जीसीसी व क्लँग यांच्या पुस्तिकांतील नोंदींचे पत्ते दिलेले असतात आणि तो कोणत्या कंपायलरच्या कितव्या आवृत्तीपासून मिळतो किंवा मिळतच नाही, हेही लिहिलेले असते. त्यापूर्वी ही माहिती कंपायलरवार वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेली होती.

जीसीसीच्या ४.५ या आवृत्तीपासून (२०१०) बाहेरून जोडलेल्या उप-आज्ञावलीतूनही नवा गुणविशेष नोंदविता येतो आणि लिनक्स प्रणाली तसे करते. असे गुणविशेष कंपायलरच्या पुस्तिकेत कधीच सापडणार नाहीत. ते समजून घेण्यास कंपायलरच्या अंतर्गत रचनेचे ज्ञान लागते. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जीसीसी संसाधन केंद्राने या रचनेवर कार्यशाळा घेऊन त्यांची पाठ्यसामग्री सर्वांस उपलब्ध करून दिली आहे.

मानकीकरण : सी++ भाषेच्या २०११ च्या मानकाने दुहेरी चौकोनी कंसांची समान पद्धती आणली. तीत कंपायलरच्या खास गुणविशेषापूर्वी त्याच्या घराण्याचे नाव लिहितात, उदा., ‘ग्नू::पॅक्ड’. प्रॅग्माविरुद्धचा, तोच शब्द दुसरीकडे भलत्याच अर्थाचा असण्याविषयीचा जुना आक्षेप त्यामुळे निकालात निघाला. २०१७ च्या मानकाने अनोळखी गुणविशेष दुर्लक्षिले जावेत, असे सांगितले. सी भाषेने हीच पद्धती ‘सी२३’ या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकात घेतली आणि ‘नोडिस्कार्ड’, ‘डेप्रिकेटेड’, ‘नोरिटर्न’ इ. गुणविशेष मानक केले. त्यांतील ‘रिप्रोड्युसिबल’ व ‘अनसीक्वेन्स्ड’ हे प्युअर व कॉन्स्ट यांच्या जवळचे आहेत, पण एकरूप नाहीत. जुन्या खुणा डोळे मिटून बदलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

मानक गुणविशेष काढून टाकला, तरी योग्य आज्ञावलीचा अर्थ बदलू नये, असे सी२३ चे तत्त्व आहे. मांडणीशी संबंधित गुणविशेष या तत्त्वात नीट बसत नाहीत. सी++ च्या २०२० च्या मानकातील ‘नो_युनिक_ॲड्रेस’ हा गुणविशेष रिकाम्या घटकाची जागा वाचवितो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तो ओळखतो. पण आधी भाषांतरित झालेल्या आज्ञावल्यांशी मांडणी जुळेनाशी होईल म्हणून त्याचा परिणाम घडवीत नाही आणि त्याऐवजी स्वतःच्या घराण्याच्या नावाने तोच गुणविशेष देतो. मानक झालेली गोष्ट अशा रीतीने पुन्हा कंपायलर-विशिष्ट पुस्तिकेत परतली.

टिप्पणीतून सूचना देण्याची फोर्ट्रनच्या काळातील प्रथाही पूर्णपणे लोपलेली नाही. ‘स्विच’ विधानातील एका पर्यायातून दुसऱ्यात मुद्दाम उतरण्यास ‘फॉलथ्रू’ म्हणतात. २०१७ मधील जीसीसीच्या सातव्या आवृत्तीने असे उतरणे अनवधानाने झाले असल्यास इशारा देण्याची सोय केली. मात्र त्या ठिकाणी आज्ञावलीकाराने ‘येथे मुद्दाम उतरले आहे’ अशा अर्थाची टिप्पणी इंग्रजीत लिहिलेली असल्यास इशारा टाळला जाई. कोणते शब्द त्यासाठी चालतील, याचे नमुने पुस्तिकेत द्यावे लागले. क्लँगने टिप्पणीस असा अर्थ दिला नाही, तेव्हा लिनक्सच्या कर्त्यांनी २०१९ पासून टिप्पण्यांऐवजी गुणविशेषावर आधारलेला ‘फॉलथ्रू’ हा शब्द वापरण्यास आरंभ केला.

इतर भाषांत परिस्थिती वेगळी आहे. सी# भाषेत गुणविशेष हे स्वतः एक वर्ग असतात. ते भाषांतरित आज्ञावलीसोबत साठविले जातात व आज्ञावली चालू असताना वाचताही येतात, त्यामुळे त्यांची नोंद इतर वर्गांप्रमाणेच होते. रस्ट भाषेत अनोळखी गुणविशेष ही सरळ चूक मानली जाऊन भाषांतर थांबते, तर अद्याप स्थिर न झालेल्या सोयींची माहिती एका वेगळ्या पुस्तिकेत ठेवलेली असते.